शीट मारताना जाळ कुठं कुठं जातो

औशाचं ते काम दुपारी साडेचारला संपलं. सातशे स्क्वेअर फुटांची गच्ची, गळती थांबवणारी डांबरी शीट सगळी बसलेली, जोडांमधून डांबराची रेघ एकसारखी बाहेर आलेली. मालकानं चहा पाजला, आम्ही सिलिंडर खाली उतरवले आणि लातूरला परत आलो. रात्री आठ वाजून गेल्यावर फोन आला, "मिस्त्री, शेजारच्यांच्या सवण्यातून धूर निघालाय." सवणं म्हणजे छतात उजेडासाठी, धुरासाठी ठेवलेलं भोक.

आम्ही केलेल्या गच्चीवर काहीच जळत नव्हतं, धुमसत होतं ते शेजारचं माळवद. दोन्ही घरांच्या भिंती एकमेकींना खेटलेल्या, मधे जेमतेम दोन बोटांची फट. त्या फटीच्या तोंडाशी आम्ही कठड्याची शीट तापवत होतो. वाऱ्यानं जाळ आत ओढला, कबुतराच्या घरट्यातल्या काड्या पेटल्या, त्यांनी तुळईचं टोक धरलं आणि ती तुळई तीन-चार तास कुणाला न दिसता आतल्या आत जळत राहिली. माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काड्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. वरून बघाल तर माती, आत सगळं वाळकं लाकूड. गल्लीतल्या पोरांनी बादल्या मारल्या, नगरपालिकेचा बंब आला, माती उकरून पाणी सोडलं तेव्हा कुठं धूर थांबला. माणसाला इजा झाली नाही. एक खण माळवद मी नव्यानं घालून दिलं. त्या कामात जेवढं मिळालं त्याच्या तिप्पट गेलं, आणि गेलं ते बरोबरच गेलं, चूक माझी होती.

मी बावीस वर्षं वॉटरप्रूफिंग करतो. पहिली सहा पुण्यात दुसऱ्याच्या हाताखाली काढली, मग लातूरला येऊन स्वतःचं काम धरलं. टॉर्च, म्हणजे शीट तापवायची गॅसच्या जाळाची नळी, धरायला मला तिकडं शिकवलं. टॉर्च विझवल्यावर काय करायचं, ते मात्र औशानं शिकवलं. जे पोरं नव्यानं या धंद्यात येतायत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या गच्चीवर हे काम होणार आहे त्या मालकांसाठीही, मी आता काम कसं करतो ते लिहितोय.

आधी थोडं सामानाबद्दल. एपीपी मेम्ब्रेनला, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक मिसळलेल्या डांबराच्या थराला, आपल्याकडं सगळे नुसतं शीट म्हणतात. एक मीटर रुंद, दहा मीटर लांब रोल, जाडी तीन किंवा चार मिलिमीटर. खालच्या अंगाला प्लास्टिकची पातळ फिल्म असते. टॉर्चनं ती वितळते, आतलं डांबर चकाकायला लागतं आणि त्याच घडीला रोल पुढं ढकलून दाबायचा. टॉर्चचा जाळ हजार अंशांच्या वर जातो. एवढा जाळ आपण लोकांच्या घराच्या डोक्यावर घेऊन फिरतो, हे रोज सकाळी एकदा मनात आणावं.

काम घेण्याआधीची फेरी

माप घ्यायला जातो तेव्हा मी टेप नंतर काढतो. आधी गच्चीच्या चारही बाजूंनी फिरतो आणि जाळ कुठं शिरू शकेल ते बघतो. लातूर, उदगीर, औसा, निलंगा या भागात जुन्या गल्ल्यांत स्लॅबचं घर आणि माळवद अजून शेजारी-शेजारी आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात दगड-मातीची जड माळवदं माणसांवर कोसळली आणि पुढं ज्याला जमेल तसं लोक स्लॅबकडं वळले. पण सगळ्यांना जमलं नाही, वाड्यांच्या वाटण्या झाल्या, अर्धा भाग पाडून स्लॅब टाकला आणि अर्धा तसाच राहिला. असल्या घरात तुमच्या कठड्याच्या पलीकडं, वीतभर अंतरावर, शंभर वर्षांचं सागवान असू शकतं.

म्हणून मी शेजारच्या घरात जातो. नमस्कार घालतो, काम सांगतो आणि आतून छत बघू द्या म्हणतो. लोकांना आधी विचित्र वाटतं, मग दाखवतात. भिंतीत तुळईचं टोक कुठं आलंय ते आतून कळतं, बाहेरून नाही. ज्याच्या गच्चीचं काम आहे त्याच्याही वरच्या मजल्यावर आत जाऊन बघायचं: थर्माकोलचं नाहीतर पीओपीचं खोटं छत आहे का, पाइपासाठी स्लॅबला पाडलेलं भोक नुसतं कागद कोंबून बुजवलंय का. एका ठिकाणी पंख्याच्या हुकाजवळच्या भोकात सिमेंटच्या पिशवीचा कागद निघाला होता. वरून टॉर्च फिरली असती तर ठिणगी सरळ खाली पलंगावर.

वर काय काय बघायचं? दोन स्लॅबमधला जॉइंट, त्यात बहुतेक वेळा थर्माकोल असतो. कठड्यातली भोकं, कारण चिमण्या-कबुतरं तिथंच घरटी करतात. पावसाच्या पाण्याचे पीव्हीसी पाइप, सोलरच्या नळ्या, डिशची वायर, प्लास्टिकची टाकी, एसीचा बाहेरचा डबा. आणि लोकांचं सामान. मराठवाड्यातली गच्ची ही अर्धी कोठी असते. तुराट्या, पऱ्हाट्या, सरपण, गोवऱ्या, जुन्या गाद्या, सोयाबीनची रिकामी पोती. हे सगळं खाली न्यायचं, गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून भागत नाही. वाऱ्याला कोपरा कळत नाही.

चैत्र-वैशाखात आणखी एक अडचण येते, ती म्हणजे वाळवण. मुरूडजवळ एका आजीनं कुरडया वाळेपर्यंत गच्ची देणार नाही म्हणून सांगितलं. चार दिवस काम पुढं गेलं. पोरं चिडली, मला मात्र बरंच वाटलं, कारण धोतरं पसरलेल्या गच्चीवर टॉर्च लावणारे गडी मी पाहिलेत.

या फेरीत जिथं जाळ नको असं वाटतं तिथं मी खडूनं लाल फुली मारतो. त्या फुलीपासून तीन फुटांत टॉर्च जात नाही. तेवढ्या पट्ट्यात जाळाशिवाय चिकटणारी शीट लावायची, नाहीतर ब्रशनं मारायचं लिक्विड मेम्ब्रेन वापरायचं. थोडं महाग पडतं. मालक विचारतात, "तेवढ्यासाठी वेगळं सामान कशाला?" मी औशाची गोष्ट सांगतो.

काही जागी तर टॉर्चचं काम घेतच नाही. सोयाबीनच्या तेलाचा सॉल्व्हंट प्लांट असेल तर तिथं तेल काढायला हेक्झेन वापरतात, त्याची वाफ पेट्रोलसारखीच पेट घेते. कापसाच्या जिनिंगचं छत, जिथं पत्र्याच्या खाली बोटभर रुईचा धुरळा बसलेला असतो, तेही नको. एमआयडीसीतले चांगले कारखाने जाळाच्या कामाआधी लेखी परवाना देतात, कुणी कुठं किती वाजेपर्यंत जाळ वापरायचा ते त्यावर लिहितात. आपल्याला तो कागद म्हणजे कटकट वाटते. घरगुती कामातही तसा कागद असावा असं मला अलीकडं वाटायला लागलंय.

गॅस

सिलिंडर निळा, 19 किलोचा, धंद्याच्या वापराचा. घरातला लाल 14.2 किलोचा सिलिंडर या कामाला आणणं हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही आहे. घरच्या रेग्युलेटरचा दाब शेगडीपुरता असतो. मग लोक वरचा रेग्युलेटर काढून काहीतरी जुगाड लावतात, आणि तिथंच गळती सुरू होते.

गॅसबद्दल दोनच गोष्टी डोक्यात ठेवल्या तरी पुष्कळ. एक, तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराला लागतो. गच्चीवर सिलिंडर जिन्याच्या तोंडाशी ठेवला आणि रात्रभर गळला तर गॅस पायऱ्या उतरून घरात जातो आणि सकाळी घरातलं कुणीतरी चहाला शेगडी पेटवतं. म्हणून सिलिंडर मोकळ्या जागी, वारा येतो त्या बाजूला, उभाच. आडवा केला तर वाफेऐवजी पातळ गॅस पाइपात उतरतो आणि टॉर्चमधून आगीचा लोळ निघतो. दुसरी गोष्ट, पातळ गॅसची वाफ झाली की ती सुमारे अडीचशे पट जागा घेते आणि हवेत तिचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगीची वाट बघत बसते.

पाइप तारेची गुंफण असलेला, गॅससाठीचाच. पाण्याचा हिरवा पाइप लावलेला मी स्वतः पाहिलाय, त्यावर जास्त लिहीत नाही. दोन्ही टोकांना क्लिप. माझा पाइप तीस फुटांचा आहे, त्यामुळं टॉर्च कुठंही असली तरी सिलिंडर दूर राहतो. दहा फुटांच्या आत आणायचाच नाही. रोज सकाळी एका मगात साबणाचा फेस करून रेग्युलेटर, दोन्ही क्लिपा आणि टॉर्चचा खटका यांवर ब्रशनं लावायचा. बुडबुडा फुगला तर काम बंद. काडी ओढून गळती बघणारे अजून आहेत.

उन्हाळ्यात आमच्याकडं पारा 42-43 ला जातो. स्लॅब त्याहून तापतो. पाइप गरम शीटवर पडला तर मऊ होतो, म्हणून हेल्परचं एक काम फक्त पाइप सांभाळण्याचं असतं. सिलिंडरला ओल्या गोणपाटाची सावली करायची. ताडपत्रीत गुंडाळायचा नाही, गळती झाली तर गॅस आतच साठतो.

हिवाळ्यात उलटं. टॉर्च मोठी असली की सिलिंडरमधला पातळ गॅस भराभर वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्याच अंगातून ओढतो. खालच्या भागावर आधी दव धरतं, मग पांढरी साय धरल्यासारखं बर्फ चढतं. जिथपर्यंत दव तिथपर्यंत गॅस, असा आमचा काटाच आहे. दाब उतरतो, जाळ पिवळा आणि आळशी होतो. आणि मग कुणीतरी शहाणा टॉर्च उलटी फिरवून सिलिंडरलाच शेक देतो! पुण्यात असताना आमच्या मुकादमानंही हे करून दाखवलं होतं, हसत हसत. काही झालं नाही. न झालेल्या अपघातांनीच माणूस बिघडतो. करायचं एवढंच की दोन सिलिंडर ठेवायचे, एक थंड पडला की बदलायचा. नाहीतर कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करायचा आणि तेवढ्यात बिडी नाही, चहा प्यायचा.

अंगावर काय

पोरं आयपीएलच्या जर्सी घालून कामावर येतात. ती पॉलिस्टरची असते, ठिणगी पडली की नुसती जळत नाही, वितळून कातडीला चिकटते. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्या खाली सोडलेल्या, पँट बुटाच्या वर आलेली, म्हणजे बुटात डांबर जात नाही. कातड्याचे बूट, स्लीपर चालणार नाही. कातडी हातमोजे मनगटाच्या वरपर्यंत, डोळ्याला चष्मा. गळ्यात दस्ती असेल तर शर्टाच्या आत खोचायची, लोंबती ठेवायची नाही. हातातली अंगठी, कडं, गंडा सगळं खिशात. कारण पुढं सांगतो.

प्राइमर आणि वाट बघणं

शीटच्या आधी डांबरी प्राइमर, म्हणजे शीट धरावी म्हणून स्लॅबवर पातळ डांबराचा हात, मारतात. त्यातला द्रव उडून जातो तेव्हा वास येतो, तो वास म्हणजेच पेटणारी वाफ. पूर्ण वाळल्याशिवाय टॉर्च लावली तर सगळा पट्टा एकदम भडकतो. उन्हाळ्यात चार तास, पावसाळी हवेत रात्रभरही लागतो. बोट लावून बघायचं. बोट काळं झालं तर थांबायचं. ढोबळ हिशेब म्हणून मी आज प्राइमर, उद्या शीट असंच धरतो. डबा झाकण लावून खाली न्यायचा. प्राइमर घट्ट झाला म्हणून त्यात पेट्रोल घालणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर बोलवत नाही.

पेटवणं, धरणं, विझवणं

आधी विझवायची सोय, मग पेटवायची. दोनशे लिटरचा ड्रम पाण्यानं भरलेला, त्यात चार-सहा गोणपाटं बुडवलेली. दोन बादल्या वाळू. पावडरचे सहा किलोचे दोन विझवण्याचे सिलिंडर, एक गॅसजवळ, एक टॉर्चवाल्याच्या पाठीमागं, काटा हिरव्यात आहे हे बघून. गाडीच्या डिकीत ठेवलेला विझवणारा सिलिंडर म्हणजे नसलेलाच.

पेटवताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा, रेग्युलेटर थोडाच ठेवा, टॉर्चची चावी पाव फिरवा आणि तोंड आपल्यापासून आणि माणसांपासून लांब धरून चकमकीच्या लायटरनं पेटवा. काडी नको, बिडी तर नकोच. आधी बारीक जाळ, मग खटका दाबून मोठा. बंद करताना उलट: आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह, मग पाइपातला गॅस जळून जाऊ द्यायचा, जाळ आपोआप विझला की टॉर्चची चावी. तसं नाही केलं तर पाइपात भरलेला गॅस राहतो.

आता माझ्या डाव्या मनगटावरच्या डागाबद्दल. एप्रिलमधली दुपार, उन्हाचा नुसता कहर. टॉर्च बारीक जाळावर ठेवून मी कटर घ्यायला वाकलो आणि परत हात टेकवला तो बरोबर टॉर्चच्या तोंडापुढं. भर उन्हात गॅसचा निळा जाळ दिसतच नाही. आवाज येतो, पण वारा असला की तोही जातो. तेव्हापासून माझे दोन नियम. टॉर्चला पुढं पाय असतो, तो लावूनच ठेवायची, तोंड वर आणि मोकळ्या बाजूला; आणि हात सोडायचा असेल, अगदी मिनिटभरासाठी जरी, तर बारीक जाळसुद्धा विझवायचा. उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते अकरा, मग संध्याकाळी. भर दुपारी जाळ दिसत नाही आणि माणसाचं डोकंही चालत नाही.

शीट टाकताना रोल आधी पूर्ण उलगडून सरळ करायचा, मग अर्धा परत गुंडाळून तापवत यायचं. जाळ स्लॅबवर रोखू नका. तीन हिस्से जाळ रोलच्या पोटावर, एक हिस्सा स्लॅबवर, आणि हात झाडू मारल्यासारखा इकडून तिकडं चालता. फिल्म आकसून नाहीशी झाली, खालचं डांबर ओल्या कातडीसारखं चकाकलं की पुरे. धूर काळा यायला लागला किंवा डांबर टपकायला लागलं तर जास्त झालं. ते शीटलाही वाईट, आपल्यालाही. बाजूचा जोड शंभर मिलिमीटर, टोकाचा दीडशे. जोडातून डांबराची करंगळीएवढी रेघ निघाली पाहिजे, ती बोटानं पुसायला जाऊ नका, थापीनं दाबा. पोरं हे हमखास करतात.

कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा सगळ्यात वाईट. तिथं माणूस बसून, जवळून, जास्त वेळ जाळ धरतो आणि जाळ भिंतीला आपटून वर चढतो. कठड्याच्या वर काय आहे, पलीकडं काय आहे, हे तिथं बघायचं. मी हेल्परला पलीकडच्या बाजूला उभा करतो, हातात ओलं गोणपाट देऊन. फटी सिमेंट-वाळूनं आदल्या दिवशीच बुजवायच्या. बुजवता येत नसतील तर तोंडावर पत्रा उभा धरून काम करायचं. पीव्हीसी पाइपाला ओलं गोणपाट गुंडाळून त्यापुढं पत्रा. टाकी भरलेली ठेवायची, पण टॉर्च तिच्याजवळ न्यायचीच नाही.

आणि मागं बघायचं. टॉर्चवाल्याचे डोळे जाळावर असतात, पाय मागं सरकत असतात. आपल्याकडं खेड्यात निम्म्या गच्च्यांना कठडाच नसतो, वरच्या मजल्याच्या आशेनं कॉलमच्या सळ्या उभ्या सोडलेल्या असतात. त्या सळ्यांवर बाटल्या उलट्या घाला. कडेपासून सहा फुटांवर दोरी बांधा आणि दोरीच्या पलीकडं काम करायचं असेल तर कमरेला पट्टा आणि तोंड कडेकडं, पाठ नाही.

काही झालंच तर

डांबर पेटलं तर त्यावर पाणी नको. पाण्याची वाफ होते आणि डांबर उडतं. पावडर किंवा वाळू. लाकूड, घरटं, पोती धुमसत असतील तर मात्र पाणीच, भरपूर, आणि उकरून आतपर्यंत. पाइप पेटला तर धावत जाऊन मोजा घातलेल्या हातानं सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, तो जाळात नसेल तरच. सिलिंडरलाच आग वेढत असेल तर शौर्य नको, सगळ्यांना खाली उतरवा, शेजारची घरं रिकामी करा आणि 101 किंवा 112 लावा.

गरम डांबर कातडीला चिकटलं तर पहिल्यांदा ते ओढून काढावंसं वाटतं. काढू नका. डांबरासोबत कातडी येते. चिकटलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली निदान वीस मिनिटं, घड्याळ बघून. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको, डांबर निघावं म्हणून रॉकेल तर मुळीच नको. ते दवाखान्यात काढतील. बोटाला किंवा मनगटाला गोल वेढा पडला असेल तर घाई करा. खालचा भाग सुजतो आणि थंड झालेलं डांबर दोरीसारखं आवळतं, रक्त थांबतं. अंगठी आधीच खिशात ठेवायची ती याच सुजेसाठी. 108 ची गाडी बोलवा.

टॉर्च विझल्यावर

शेवटचा जोड दाबला की पोरांना घरची घाई होते. मी त्या वेळी घड्याळ लावतो, दोन तास. या वेळात कुणीतरी एक माणूस गच्चीवर थांबतोच, बहुतेक वेळा मीच. पहिल्या अर्ध्या तासात सगळं गरम असतं त्यामुळं काही कळत नाही. खरं कळतं नंतर. गच्ची निवत जाते आणि एखादी जागा निवत नाही. हाताची मागची बाजू फटीजवळ, पाइपाच्या तोंडाजवळ, जॉइंटवर धरून फिरायचं. हल्ली माझ्याकडं लांबून ताप दाखवणारं पिस्तुलासारखं थर्मामीटर आहे. दर वीस मिनिटांनी त्याच दहा-बारा जागांचा आकडा वहीत लिहितो. आकडा उतरत नसेल, चढत असेल, तर तिथं उकरायचं. नाकही वापरायचं. डांबराचा वास वेगळा, जळक्या लाकडाचा वेगळा, आणि थर्माकोलचा तर घशातच बसतो.

निघण्याआधी पुन्हा शेजारच्या घरात एक चक्कर, आतून छताकडं बघायला. औशाला मी ही एक चक्कर मारली असती तर संध्याकाळी सहालाच तुळई तापलेली हाताला लागली असती.

एक शेवटची भानगड राहते. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात. मागच्या वैशाखात चाकूरकडं आम्ही आवरत होतो तेवढ्यात घरातली आजी वाकळ काखेत मारून वर आली. मी म्हणालो, आज इथं नाही झोपायचं आजी, शीट अजून तापलेली आहे, वाकळ आत धुमसली तर कळायचं नाही. त्या म्हणाल्या, "काम तर झालंय की, मग तुम्ही बसलाव कशाला?" मग त्याही माझ्यासोबत जिन्यापाशी बसल्या, साडेआठपर्यंत. मधून मधून थर्मामीटर मागून घ्यायच्या आणि कठड्यावर रोखून आकडा मोठ्यानं वाचायच्या.

माझ्या दरपत्रकात आता सामान, मजुरी, वाहतूक यांच्या खाली एक ओळ असते: राखण, एक माणूस, दोन तास. भाव करताना मालकाचं बोट पहिल्यांदा त्याच ओळीवर जातं. ती खोडायची असेल तर वरच्या टॉर्चच्या सगळ्या ओळी पण खोडा, मी तुम्हाला लिक्विडचा भाव काढून देतो, असं सांगतो.